चेहरा लाल, डोकं थंड!

मी रागीट नाही! हे आधी कान उघडून ऐका!

माझे गाल लाल आहेत, नाक लाल आहे, आणि त्यावर बारीक शिरांचं जाळं आहे, हा काय माझा गुन्हा? रोझेशिया म्हणतात त्याला. गरम चहा प्यायलो की लाल, उन्हात गेलो की आणखी लाल. पण शेजाऱ्यांना कोण सांगणार? "काय हो, आज कुणावर भडकलात?" कुणावरही नाही! पण हेच रोज उठून विचारलं, तर कुणाचंही टाळकं सरकेल की नाही?

वॉशिंग मशीनच्या कंपनीत मी तक्रारींच्या खिडकीवर बसतो. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. पहिला हक्क माझा! तर साहेब म्हणाले, "काम चोख आहे तुमचं. पण हा चेहरा! लोक भांडायला येतात, तर तुम्ही आधीच भांडून बसलेले. सोमवारी बघू."

"बघाच!" म्हणालो आणि शनिवारी तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"लेझरनं या शिरा घालवता येतात," त्या म्हणाल्या. "हळूहळू करू. एकदम जोरात केलं तर..."

"एकदम जोरात करा!"

"अहो, पण आठवडाभर चेहरा..."

"बाई, भाषण नको, मशीन लावा!"

गालावर कुणी रबर ताणून सोडावं तसे चटके बसले. मी हूं की चूं केलं नाही. रागीट माणूस असा बसतो का, सांगा!

सोमवारी आरशात पाहिलं. लाल रंग गेला होता, जांभळा आला होता! दोन्ही गाल वांग्यासारखे!

"अहो, रजा टाका," बायको म्हणाली.

"आणि जागा दुसऱ्याच्या घशात घालू?"

मला पाहताच साहेब खुर्चीतून उठले. शनिवारी सकाळीच एक धिप्पाड गिऱ्हाईक "बाहेर भेट, दाखवतो!" असं मला धमकावून गेलं होतं.

"त्यानंच मारलं ना?"

"कुणी मारलं नाही! मी स्वतःच करून घेतलंय!"

साहेबांचे डोळे भरून आले. "बघा! एवढा मार खाल्ला, तरी त्याचं नाव घेत नाहीत!" त्यांनी सगळ्या ऑफिसला गोळा केलं. टायपिस्टबाईंनी बर्फ आणला. "याला म्हणतात सहनशक्ती! आजपासून विभागप्रमुख हेच!"

टाळ्या! मी गप्प राहिलो. खरंच राहिलो हो! आयती चालून आलेली जागा, कशाला तोंड उघडू? पण तेवढ्यात गोदामवाल्यानं पाठीवर थाप मारली. "एक तरी ठेवून द्यायची होतीत! एवढे कसे नेभळट?"

"नेभळट? कोण नेभळट?" माझी मूठ टेबलावर, बर्फ जमिनीवर. "मला मारणारा अजून जन्माला यायचाय! लेझर आहे हे, लेझर! अकलेचे कांदे सगळे! आणि साहेब, तुम्ही त्यात पहिले!"

खिडकीशी उभं असलेलं गिऱ्हाईक तक्रार न करताच निघून गेलं. जागा कॅशियरला मिळाली. त्याचा चेहरा जन्मापासून पिठासारखा पांढरा.

आठवड्यात डाग गेले. चेहरा आता लोण्यासारखा, आणि मी त्याच खिडकीवर. काल बायको डॉक्टरीणबाईंना फोन करत होती. आभार मानत असेल, म्हणून मी कान दिला.

"चेहरा छान झाला हो यांचा. आता जिभेवर लेझर चालतं का, तेवढं सांगा."

मी मुळीच रागावलो नाही. फोन मात्र नवा घ्यावा लागला.