तक्त्याप्रमाणे सोमवारी

"सोमवारी सकाळी. फार तर दुपारी," वडिलांनी जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टेपने एक तक्ता चिकटवला.

तो तक्ता त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या पाळीचा होता. मुलगी उठली, तिने तो वाचला, उचकटून काढला आणि कपाटाच्या दाराला आतून लावला. "भिंतीवर नको," एवढंच ती म्हणाली.

वडील बसच्या आगारात वेळापत्रकं बनवायचे. शहरातल्या दीडशे गाड्या आपल्या तक्त्यांवर चालतात अशी त्यांची बावीस वर्षांची श्रद्धा होती. थांब्यांवर ताटकळणाऱ्या लोकांचं मत वेगळं होतं, पण ते लोक आगारात येऊन बोलत नसत. आगारात वडिलांना घड्याळसाहेब म्हणायचे आणि हे कौतुकाने म्हणतात असं त्यांना वाटायचं.

मुलीची पाळी तीनदाच आली होती. पहिली आणि दुसरी यांत चोवीस दिवस गेले, दुसरी आणि तिसरी यांत एक्कावन्न. तिसरी तर पोहण्याच्या सरावाला निघताना, दारात बूट घालता घालता आली आणि पोरगी रडकुंडीला येऊन परत फिरली. ते वडिलांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सरासरी निघाली साडेसदतीस. सकाळ की दुपार हा घोळ त्या अर्ध्या दिवसाचा होता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, "पहिली दोन-तीन वर्षं असंच चालतं. कधी लवकर, कधी उशिरा. तीन-तीन महिने आलीच नाही किंवा फार अंगावर गेलं, तर घेऊन या. नाहीतर तिची घडी तिला बसवू द्या." पण 'अनियमित' हा शब्द बाई इतक्या सहज बोलल्या की वडिलांना त्यांच्याबद्दलच शंका आली. आगारात हा शब्द उच्चारला की चालकाला नोटीस जाते.

"अहो, मुलगी आहे ती, बस नाही," आई म्हणाली.

"बसचंही वेळापत्रक बनत नाही असंच म्हणायचे लोक आधी," वडील म्हणाले.

खरी पंचाईत गुरुवारची होती. गुरुवारी सात शाळांची जलतरण स्पर्धा होती आणि चौघींच्या रिलेत शेवटचा टप्पा मुलीचा होता. त्या टप्प्यासाठी ती वर्षभर पहाटे साडेपाचला उठत होती, तेही गजराशिवाय. सोमवारपासून पाच दिवस मोजले तर गुरुवार बरोबर त्यात अडकत होता. पुन्हा ऐन वेळी पोरीचा तसा चेहरा व्हायला नको, म्हणून वडील कुणालाही न सांगता शाळेत गेले.

पोहण्याच्या प्रशिक्षकबाई शिट्टीनेच जास्त बोलत. वडिलांनी हवापाण्यापासून सुरुवात केली, मग तलावातल्या क्लोरीनवर आले. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी त्यांनी तक्त्याची प्रत पुढे सरकवली.

"हे काय? बसचं वेळापत्रक?"

"मुलीचं आहे. म्हणजे... पाळीचं. स्पर्धेची तारीख आठवडाभर पुढे गेली असती, तर..."

"सात शाळांची स्पर्धा? या कागदासाठी?" बाईंनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि महत्प्रयासाने खाली ठेवली. "तारीख हलत नाही. फार तर नाव हलतं. पालकांनी लिहून दिलं, तर राखीव मुलगी उतरवते. पण तिला विचारलंय का तुम्ही?"

वडिलांनी आजवर कुठल्याही बसला विचारून तिची वेळ ठरवली नव्हती. त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली, सहीखाली वेळही टाकली.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती दप्तर आपटत.

"बाबा, माझं नाव तुम्ही काढलंत?"

"तुझ्या भल्यासाठीच ना, बाळा. गुरुवारी तुला..."

"गुरुवारी मला काय ते मला कळेल ना! वर्षभर पोहतेय मी. मला विचारायचं तरी!" आणि ती आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. आईने तिच्या डोक्यावरून वडिलांकडे असं पाहिलं, की त्यांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

सोमवार उजाडला. वडिलांनी रजा टाकली होती. गरम पाण्याची पिशवी भरून तयार होती आणि औषधाच्या दुकानातून आणलेली पॅडची सहा पाकिटं आकारानुसार कपाटात लावलेली होती. सकाळ गेली, दुपार गेली. जिच्या धास्तीने एवढा खटाटोप केला, तिचीच ते आता चातकासारखी वाट पाहू लागले. कारण ती आली नसती, तर पोरीला विनाकारण बाहेर बसवल्याचं पाप त्यांच्या माथी येणार होतं.

"काही बातमी?" त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"बातम्या सातला असतात," आई म्हणाली.

मंगळवारीही काही नाही. बुधवारी सकाळी वडील पुन्हा प्रशिक्षकबाईंसमोर उभे राहिले. या वेळी हवापाणी वगळलं.

"नाव परत घाला. चूक माझी आहे."

"राखीव मुलगी तशीही उतरायला घाबरतेय, ती सुटेल बिचारी. पण तुम्ही लेखी दिलंत आणि मी यादी वर पाठवली. आता आयोजकांना डॉक्टरांचं पत्र लागेल."

वडील धापा टाकत दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी काय लिहू? आली नाही म्हणून?"

"मुलगी ठणठणीत आहे, एवढंच लिहा."

"ती ठणठणीतच होती. आली असती तरी ठणठणीतच असती."

बाईंनी लिहिलं, पाकिटात घातलं आणि चिकटवून दिलं. आयोजकांच्या टेबलापाशी प्रशिक्षकबाईंनी ते खणखणीत आवाजात वाचलं, "मुलगी निरोगी आहे. पाळी असो वा नसो, पोहायला हरकत नाही. वडिलांना मात्र सक्त विश्रांतीची गरज आहे." आयोजकांनी दोन्ही मुद्द्यांवर शिक्का मारला.

गुरुवारी मुलीने पाण्यात सूर मारला तेव्हा त्यांचा संघ चौथा होता. तिने एकीला मागे टाकलं, मग दुसरीला, आणि काठावर हात टेकला तेव्हा संघ दुसरा होता. वडील खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. आईने त्यांना खाली बसवायचा प्रयत्नही केला नाही, कारण ती शेजारच्या खुर्चीवर उभी होती.

थोड्या वेळाने मुलगी गळ्यात पदक आणि खांद्यावर टॉवेल घेऊन आली. वडिलांचे डोळे भरून आले होते.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं. तक्तासुद्धा साफ चुकला. पण आज ती आली नाही, हे तरी नशीब."

"आली की."

"केव्हा?"

"मघाशी. कपडे बदलताना. रिलेच्या आधी."

वडिलांची नजर आपोआप मनगटावर गेली. तीन दिवस आणि काही तास उशीर. "मग मला सांगायचं नाही का?"

"आमच्या पोहण्याच्या बाईंना सांगितलं. पाळीत पोहायची वेगळी चड्डी मिळते, त्यांच्या कपाटात नवी कोरी असतेच. ती घातली."

"अगं, पण अशा वेळी तू पोहलीस तरी कशी?"

मुलीने मान तिरकी करून कानातलं पाणी झटकलं.

"हातापायांनी," ती म्हणाली.