वरुणाचा पत्ता आणि फणसाची फांदी

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टेमघरच्या प्रभाकर मास्तरांना त्यांच्याच अंगणातल्या फणसाला उजव्या पायाने उलटं टांगण्यात आलं. हुकूम मास्तरांचाच होता.

"अख्ख्या भिवंडीत माझ्याइतकं पंचांग कुणाला कळतं?" वर जाता जाता ते म्हणाले.

झालं होतं असं. नीलाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला अंबाडीचे माधवराव सहकुटुंब दुपारी तीनला येणार होते. याआधीची चार स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. त्यात मास्तरांची बहीण विद्युल्लता दादरहून भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते घेऊन आली. शनिवारी तिने नीलाच्या नावाने दादाला एक पत्ता ओढायला लावला. निघाला झाडाला उलटा टांगलेला माणूस!

"हा वरुण ग्रहाचा पत्ता, दादा. खोळंबा दाखवतो."

"पुन्हा खोळंबा?" नीलाच्या आईने, अनसूयाबाईंनी, कपाळाला हात लावला.

"घाबरतेस काय!" मास्तर म्हणाले. "मुलीला मंगळ असला की आधी कुंभाशी लग्न लावून तो उतरवतात ना? तसा हा योग मीच आधी भोगून टाकतो. पाच मिनिटं टांगून घेतलं की वरुण खूश!"

"अरे, पत्त्याची शांत नसते करायची!" विद्युल्लता म्हणाली.

"ग्रह आला की शांत आली!"

मास्तर कामाला चोख. चित्रात निळा अंगरखा, तांबडी तुमान. म्हणून निळा सदरा आणि नीलाची तांबडी सलवार. डोक्यामागे तेजोवलय, म्हणून पितळी परात, सुतळीने बांधून. दापोड्याच्या केसरीनाथने आपल्या गोदामातली चेनकप्पी आणली.

"मास्तर, हिला कापडाच्या गाठी टांगल्यान, मानूस न्हाय!"

"ओढ!"

पाच मिनिटं झाली.

"आता खाली घे!"

"खाली येत न्हाय! साखळी अडाकली!"

"मग थोडा वर घेऊन बघ!"

"वर मस्त जातंय!"

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. परतताना राहुकाळ नको म्हणून माधवराव तीनऐवजी सकाळीच निघाले होते. मास्तरांना आधी आभाळात चपला दिसल्या, मग त्यांच्याखाली माणसं.

"या, बसा!" मास्तरांनी उलटे हात जोडले. परात सुटून खणखणत पाहुण्यांपर्यंत गेली.

"तुमच्याकडे नेहमी असं असतं?" माधवरावांच्या पत्नीने विचारलं.

"छे छे! फक्त लग्नकार्याला!"

नीला पोहे घेऊन बाहेर आली. तिने एकदा वर पाहिलं.

"बाबा, तुम्हाला आत्ता देऊ की उतरल्यावर?"

माधवरावांचा मुलगा खुदकन हसला. त्याचे आईवडील हसले नाहीत. सावरून घ्यायला विद्युल्लताने सगळा प्रकार सांगितला आणि पत्ते माधवरावांपुढे धरले. "तुम्हीही एक ओढा ना, गंमत म्हणून!"

निघाला वीज पडून पेटलेला मनोरा. त्यावरून दोन माणसं डोकं खाली करून पडताहेत.

"हा मंगळाचा," ती बोलून गेली.

माधवरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "कळवतो," म्हणत ते उठले. मास्तरांना दुपारी फांदी कापून उतरवलं.

गुरुवारी अंबाडीहून निरोप आला. पसंतीबद्दल एक अक्षर नाही. मास्तरांसारखा योग आधीच भोगून टाकायचा म्हणून माधवरावांनी आपल्या पाण्याच्या उंच टाकीखाली पेंढा पसरून घेतला आहे. चित्रात पडणारी माणसं दोन, त्यातले एक ते स्वतः. दुसरी जागा मुलीच्या वडिलांची धरावी का, असं विचारलं आहे.

मास्तर अजून लंगडताहेत. उत्तर गेलेलं नाही. पत्त्यातला दुसरा माणूस कोणत्या रंगाच्या कपड्यांत पडतो, एवढं मात्र त्यांनी दादरला फोन करून विचारून घेतलं आहे.