नकाशाला गुंडाळलेला दोरा

आमच्या गावाला दरवर्षी पेरणीआधी दोरा बांधतात. सुताराच्या आईने कातलेलं सूत धरून सगळं गाव शिवेवरून चालतं. मग वर्षभर गावात संकट शिरत नाही, असा समज आहे.

यंदा कचेरीत आलेल्या नव्या साहेबांनी सूत कातणाऱ्या या आजींना बोलावलं.

"संरक्षण नेमकं कशापासून?"

"जे येईल त्यापासून."

"असा रकाना नाही. आग, पूर, रोगराई, इतर. खूण करा."

"मग इतर."

"इतरला तपशील जोडावा लागतो."

तपशील जोडेपर्यंत सुरक्षा-पाहणी उरकली. शिवेवर साप, काटे व निसरडा बांध आढळला. सबब संरक्षणविधी जिवास धोकादायक ठरला. परंपरेबद्दल साहेबांना अपार आदर असल्याने त्यांनी तो बंद केला नाही. भिंतीवरचा गावाचा नकाशा उतरवून त्यालाच दोरा गुंडाळायचं ठरवलं. दहा मिनिटांचं काम, तेही पंख्याखाली. गाव खूश.

"पण पल्याड शिवेला लागून पांगळा कुंभार राहतो," आजी म्हणाल्या. "वर्षातून एकदा गाव त्याच्या दारात टेकतं, छप्पर नीट करून देतं."

साहेबांनी बोटाने शोधलं. "हा काय! आलाय की नकाशात."

"आणि सूत तुटलं की दोन्हीकडच्यांनी मिळून जोडायचं असतं, एकमेकांशी बोलत नसले तरी. माझे दोघे लेक तसेच बोलते झाले."

"इथे सूत तुटणार नाही. हमी माझी."

विधी निर्विघ्न पार पडला. आजी मात्र सूत घेऊन एकट्याच शिवेवर गेल्या आणि बांधावरून घसरल्या. पाय मोडला. कुंभाराने त्यांची हाक ऐकली. त्याला उठता येईना, म्हणून तो मडकी आपटत सुटला. तो आवाज आम्ही कचेरीत ऐकलासुद्धा. पण तेव्हा फोटो काढणं चालू होतं. चाळीस मडकी फुटल्यावर दोघे लेक धावले.

चौकशीत निष्पन्न झालं की आजी घटनेच्या वेळी दोऱ्याबाहेर होत्या. विधी यशस्वी ठरला.

आजी आता खाटेवर आहेत. गावाच्या ग्रुपवर दीडशे जणांनी 'काळजी घ्या' लिहिलं. मी तर जोडलेल्या हातांचं चित्र दोनदा पाठवलं. भेटायला एकटा कुंभार गेला, ढकलगाडीवर बसून, हातांनी जमीन रेटत.

वाचता वाचता तुम्हीही 'अरेरे' म्हणालात ना? झालं तर मग. तुमचीही हजेरी लागली.