भास्करभाऊंचं भेव

भास्करभाऊंच्या घरात शिरायचं असेल तर आधी अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावावा लागतो. ओझरता चालत नाही, चांगला पंजा टेकवून लावावा लागतो. मेहकरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याच दिवशी मी विरजण मागायला गेले, तर हे गृहस्थ दारात आडवे हात करून उभे.

"मॅडम, आधी नळ!"

मला वाटलं, सोवळ्यातलं घर दिसतंय. माझं तोंड वाकडं झालेलं पाहून तेच म्हणाले, "शिवाशीव आपल्या घरात कोणी मानत नाही. बोर्ड मानते. अंगातला करंट नळाले देऊन या, मंग बसा आरामात."

बोर्ड म्हणजे जुन्या टीव्ही गेमच्या पोटातली हिरवी पाटी. आपल्या लहानपणी टीव्हीला जोडायचा डबा मिळायचा, त्यात कॅसेट खुपसली की एक बुटका माणूस उड्या मारत पळायचा, तोच गेम. भास्करभाऊ बस आगारात गाड्यांचं वायरिंग करून रिटायर झाले आणि या डब्यांच्या नादी लागले. भंगारातून डबा उचलायचा, खोलायचा, बोर्ड धुऊनपुसून जिवंत करायचा. शेगावला कुणाच्या लग्नाला गेले तरी येताना पिशवीत आहेराची टोपी नसते, एक मोडका डबा असतो.

त्या डब्यांतून काय निघेल याचा नेम नाही. झुरळांची अंडी निघतात. एकदा पालीचं वाळलेलं पिल्लू निघालं आणि मी विरजणाची वाटी तिथेच टाकून घरी पळाले. भाऊंना त्याचं काहीच नाही. चिमट्यानं उचललं आणि टाकलं. त्यांचं भेव, म्हणजे भीती, वेगळीच. ओलीचं, घामाचं, धुळीचं, कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजचं. मे महिन्यात आख्खं मेहकर कूलरपुढे पडलेलं असतं, तेव्हा हा माणूस बोर्डाला ओल लागेल म्हणून पुढच्या खोलीत घामाघूम होऊन बसतो, आणि घाम बोर्डावर पडेल म्हणून पुन्हा कपाळाला दुपट्टा बांधतो.

पण सगळ्यांत मोठं भेव फुंकरीचं. आमच्या पिढीनं कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारली, हे तुम्हालाही आठवत असेल. हे औषध आम्हाला कुणी शिकवलं कोण जाणे, पण घरोघरी तेच चालायचं. आमचे हे एकदा भाऊंकडे बसले होते. समोर कॅसेट दिसली आणि बालपण उसळून आलं. उचलली, ओठाला लावली आणि फू!

"अबे! थुंकी जाते न बे तिच्यात! पट्ट्या सडतात!"

आमचे हे तहसीलमध्ये हेडक्लार्क. त्यांना 'अबे' म्हणायची हिंमत शिपायापासून साहेबापर्यंत कुणाला नाही. पण त्या ओरडण्यानं ते असे दचकले की आजही भाऊंच्या घरी तोंडावर रुमाल धरूनच बसतात. भाऊंनी मात्र ती कॅसेट खोलली, आतल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, मऊ ब्रशानं स्पिरिट लावलं, पुसली, सावलीत वाळवली, परत घासली. चेहरा असा, जणू लेकराला ताप आलाय.

"भेव ठेवावं, मॅडम," ते मला नेहमी सांगतात. "ज्यानं भेव सोडलं, त्याचा बोर्ड गेला."

बरं, इतकं करून ते डबे कुणाला देतील? नाव नको. दुरुस्त झालेला डबा फडक्यात गुंडाळून कपाटात जातो. कपाट गच्च भरलंय. "काय हो भाऊ, दुकान टाकता का?" मी एकदा विचारलं. ते नुसतं म्हणाले, "असू द्या. येळ सांगून येत नाही."

मला त्यांचा राग यायचा, तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. गेल्या वर्षी प्रमिलाकाकूंना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही. आंघोळ, मालिश, घास भरवणं, सगळं भाऊ करतात, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण दुपार कलली की काकूंना खुर्चीत बसवायचं, त्यांच्या डाव्या हातात गेमचा रिमोट नुसता धरायला द्यायचा, आणि दुसरा रिमोट घेऊन आपण खेळत बसायचं! त्या गेमचं पिपाणीसारखं संगीत खिडकीतून आलं की माझं डोकं फिरायचं. बायको मुकी होऊन बसलीय आणि या बाबाला उड्या सुचताहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी गल्लीतल्या विजेच्या डीपीवर मोठा जाळ झाला. आमचा पंखा पिसाळल्यासारखा फिरला आणि थांबला. तेवढ्यात शेजारून हाक आली, "मॅडम! मॅडम, या हो!"

असा आवाज मी भाऊंचा कधी ऐकला नव्हता. काकूंचं काही झालं, असंच मला वाटलं. तापलेल्या फरशीवरून अनवाणी धावले. आत जळका वास कोंदला होता. काकू खुर्चीत नेहमीसारख्याच बसलेल्या. टीव्ही काळा. आणि भाऊ जमिनीवर, पुढ्यात गेमचा डबा.

"मी केवढी घाबरले! या डब्यासाठी बोलावलं?" मी भडकलेच. "कपाट भरलंय ना तुमचं? लावा दुसरा!"

"डबे लय हायेत, मॅडम. हे कॅसेट एकच हाये." त्यांनी वर पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "हे जळली अशीन तं मी गेलो. बॅटरी धरा जरा. माह्या हातात जीव नाही राह्यला."

मी बॅटरीचा उजेड धरला. त्यांनी कॅसेट खोलली. ब्रश पट्टीवर टेकेना. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते घासत होते आणि मधूनच थांबून बोर्ड नाकाशी नेऊन जळका वास येतो का ते पाहत होते. काकू काळ्या टीव्हीकडे टक लावून बसलेल्या. कशाला घाबरायचं ते मला ठाऊक नव्हतं, तरी मलाही भेव वाटायला लागलं. मी श्वास रोखून धरला, न जाणो माझी वाफ लागायची.

बऱ्याच वेळानं वीज मंडळाच्या माणसांनी डीपी नीट केली आणि लाइट आली. मग भाऊंनी कपाटातला डबा काढला, टीव्हीला जोडला, कॅसेट बसवली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

आधी नुसत्या रेघा आल्या. मग लाल पडदा. मग बुटका माणूस.

भाऊ मटकन खाली बसले. थोड्या वेळानं सरकत काकूंच्या खुर्चीपाशी गेले, एक रिमोट त्यांच्या हातात दिला आणि खेळायला लागले. बुटका पळत निघाला. समोर पहिलाच खड्डा, शाळेतलं पोरसुद्धा डोळे मिटून ओलांडेल असा. भाऊंनी त्याला सरळ खड्ड्यात घातलं.

"अवो... पाहा नं!"

मी वळून पाहिलं. काकू बोलल्या होत्या. आवाज घोगरा, शब्द जड, पण त्यात चांगला झणका होता.

"येवढंच येते तिले," भाऊ हळूच म्हणाले. "पुतण्यासाठी आणला होता गेम. पण पुतण्या राह्यला बाजूले, हेच माह्यासंगं खेळत बसे रोज. मी खड्ड्यात पडलो का अशीच वरडे. बाकी सारं बोलणं गेलं, हे राह्यलं. डाक्टर म्हणे, होते असं. दुसऱ्या कॅसेटी लावून पाह्यल्या, नाही बोलत."

माझे डोळे भरून आले. हातातली बॅटरी अजून चालूच होती, ती मी बंद केली.

खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बुटका माणूस खड्ड्याकडे निघाला. भाऊंनी उडीच्या बटणावरचा अंगठा उचलून बाजूला घेतला होता, आणि ते टीव्हीकडे पाहत नव्हते, काकूंच्या ओठांकडे पाहत होते.