जागा उत्तम, मगर

भोपाळला जायचं की नाही, हे भालचंद्र टोकेकरांना कोणी विचारलं नव्हतं. सरकार विचारत नसतं, परिपत्रक काढतं. एक नोव्हेंबर एकोणीसशे छपन्नला मध्य भारत नावाचं राज्य मध्य प्रदेशात विलीन होणार, आणि त्यांची कचेरी टेबलं, कपाटं व कारकून यांच्यासकट भोपाळला रवाना होणार, असं त्यात लिहिलं होतं. क्रम तोच होता, कारकून शेवटी. ग्वाल्हेरात उरणार होती फक्त जुन्या कागदपत्रांची एक खोली, आणि ती सांभाळायला एक माणूस.

तो एक माणूस आपणच असावं, या एकाच ध्यासानं भालचंद्ररावांना पछाडलं होतं. जन्म माधवगंजातला, लग्न माधवगंजातलं, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागाबाहेर सलग तीन रात्री झोप लागल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यात त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी घरचा निकाल देऊन टाकला होता.

"तुम्ही खुशाल जा भोपाळला. मी तर नाही येणार."

"अगं, सरकारी हुकूम आहे!"

"तो तुमच्यावर आहे. माझ्यावर थोडीच आहे?"

यावर परिपत्रकात काहीच तरतूद नव्हती.

त्या खोलीसाठी शिफारस करणार होते उपसचिव दौलतसिंह. त्यांच्या पूर्वजांनी तलवारी गाजवल्या होत्या, आणि ते स्वतः न वाचता सह्या करण्यात तितकेच शूर होते. तरुणपणी कोणाच्या तरी लवाजम्यातून ते विलायतेला जाऊन आले होते आणि तिथं त्यांनी एक बीच पाहिला होता. तेव्हापासून नदी, तलाव, विहीर, सगळं पाणी त्यांच्या मनातून उतरलं. "पाणी पाहावं तर बीचवर, टोकेकर. तुम्हां लोकांना काय समजणार!" हे वाक्य भालचंद्ररावांनी बावीस वर्षं नोकरीचा भाग म्हणून ऐकलं होतं. पण गरज पडली की माणसाची जीभ सैल सुटते.

"सरकार, बीच तर आपल्याकडेही आहे," ते एक दिवस बोलून गेले. "चंबळेवर. पांढरी रेती, आणि माणसाचं नाव नाही."

"अच्छा? मग दाखवा."

आता दाखवणं आलं. दसऱ्याच्या सुट्टीत, लोक सोनं वाटत होते तेव्हा, भालचंद्रराव बस पकडून चंबळ गाठते झाले आणि एका नाववाल्याला त्यांनी धरलं.

"बड़े साहब को बीच पर ले जाना है."

"बीच पर?" नाववाल्यानं नदीच्या मध्याकडे बोट दाखवलं. "बीच में क्या करेंगे साहब?"

"वो तुम मत देखो. उन्हें बीच ही पसंद है. रेत है ना?"

"रेत बहुत है. जगह बढ़िया है, एकदम सुनसान. मगर है."

बावीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला 'मगर' हा शब्द फक्त नकाराच्या आधी येतो, एवढंच ठाऊक असतं. भालचंद्रराव उखडले. "देखो, हमको अगर-मगर नहीं चाहिए."

"अगर नहीं है साहब," नाववाला शांतपणे म्हणाला. "मगर ही है."

गावाकडच्या माणसाला विनोदाचं भान नसतं, असा निष्कर्ष काढून भालचंद्रराव परतले.

पुढच्या रविवारी पहाटे जीप निघाली. खरं तर ही सहल तीन मित्रांची ठरली होती. स्टेनो लक्ष्मीकांत, आवक-जावक सांभाळणारे मधुसूदन आणि भालचंद्रराव यांनी वीस वर्षं एका टेबलावर चहा घेतला होता. आता पहिले दोघे भोपाळला जाणार, म्हणून निरोपाचा एक दिवस एकत्र काढायचा होता.

"आपल्या तिघांत साहेब कशाला?" मधुसूदन कुजबुजले.

"साहेब नाहीत तर जीप नाही," भालचंद्रराव म्हणाले.

"मी तर आधीच बोलून ठेवतो, काही ना काही गडबड होणार."

मधुसूदन हे प्रत्येक गोष्टीआधी बोलून ठेवत, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

नाववाल्यानं हुकूम तंतोतंत पाळला. चौघांना त्यानं चंबळेच्या बरोब्बर मधोमध, वाळूच्या एका लांबट बेटावर उतरवलं आणि "चार बजे आऊँगा" म्हणून तो निघून गेला. दौलतसिंहांनी एकदा गोल फिरून पाहिलं.

"टोकेकर, चारी बाजूंनी पाणी आहे."

"सरकार, म्हणजे चारी बाजूंनी किनारा."

हे उत्तर साहेबांना आवडलं. त्यांनी पिशवीतून विलायतेत घेतलेला पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख काढला. तो लोकरीचा होता आणि कसरीनं त्यावर मधली तीस वर्षं मनापासून काम केलं होतं. तो घालून, पाटलोण वाळूवर नीट घडी करून ठेवून साहेबांनी गुडघाभर पाण्यात डुबकी मारली. मग शामलाबाईंच्या हातच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी अशी काही रिचवली की मित्रांच्या वाट्याला लोणचंच उरलं. सावलीला झाड नव्हतं, पाण्याची सुरई जीपमध्ये राहिली होती, पण साहेब खूश होते. भालचंद्ररावांनी संधी साधली.

"सरकार, त्या एका जागेचं तेवढं..."

"तुमच्याशिवाय कोणाला देणार? लक्ष्मीकांत, घ्या!"

लक्ष्मीकांत वही-पेन्सिलीशिवाय श्राद्धालासुद्धा जात नसत. ते वाळूत मांडी घालून बसले. भोकांच्या पोशाखातले उपसचिव हात मागे बांधून येरझाऱ्या घालू लागले.

"श्री टोकेकर की सेवाएँ संतोषजनक हैं. उन्हें ग्वालियर में ही रखा जाना उचित होगा..." साहेब थांबले. "मधुसूदन, तो ओंडका मघाशी पलीकडे नव्हता?"

मधुसूदन चार पावलं पुढे गेले आणि आठ पावलं मागे आले. "सरकार, ओंडका श्वास घेऊन राहिलाय."

"मगर!" साहेब ओरडले.

पेन्सिल पडली. बेटाच्या टोकाला तख्ताएवढा एक उंचवटा होता, त्यावर चारही सरकारी नोकर हुद्द्याचा विचार न करता एकमेकांना धरून उभे राहिले. मगर सावकाश आली आणि साहेबांच्या पाटलोणीवर पसरून तिनं डोळे मिटले.

पलीकडच्या काठावर एक शिपाई दिसला. सगळे गळा फाडून ओरडू लागले.

"किस राज्य के हो?" त्यानं विचारलं.

"मध्य भारत!"

"वो तो दस दिन का मेहमान है!"

"अरे, आम्ही दहा मिनिटांचे आहोत!" भालचंद्रराव जिवाच्या आकांतानं मराठीतच ओरडले.

"इधर राजस्थान की हद है," शिपायानं समजावलं. "उधर तुम्हारी. बीच का हमको पता नहीं." आणि कर्तव्य पार पाडून तो निघून गेला.

चार वाजता नाव आली. वल्ह्यानं वाळू बडवली तशी मगर कंटाळून पाण्यात उतरली. पाटलोण तिच्या पंजाला अडकून तिच्याबरोबर गेली.

"हमने तो इन साहब से कहा था," नाववाला भालचंद्ररावांकडे बोट दाखवत म्हणाला. "जगह बढ़िया है, मगर है."

वाटेत मोरेन्याच्या बाजारात जीप पंक्चर झाली आणि उपसचिवांचा पट्ट्यांचा पोशाख निम्म्या बाजारानं भोकांसहित पाहिला. लष्करात उतरताना ते एवढंच म्हणाले, "टोकेकर, भोपाळला मोठा तलाव आहे. तुम्हांला फार आवडेल."

त्या रात्री भालचंद्ररावांनी बायकोला काही सांगितलं नाही. ते नुसते माडीवरच्या खिडकीशी बसून राहिले, आणि समोरच्या ओळखीच्या गल्लीकडे पाहताना त्यांना खरोखरच रडू आलं.

सोमवारी मात्र दौलतसिंह वहीतली अर्धवट शिफारस रद्द करायला विसरले. लक्ष्मीकांतांनी शिरस्त्याप्रमाणे वहीत होतं ते सगळं टाईप करून साठ कागदांच्या गठ्ठ्यात ठेवलं, आणि साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे न वाचता साठही ठिकाणी सही केली. गठ्ठा भोपाळला गेला. एक नोव्हेंबरला राज्य बुडालं. लक्ष्मीकांत गेले, मधुसूदन "मी तर आधीच बोललो होतो" म्हणत गेले, खुद्द दौलतसिंहही गेले. शिफारशीवर निर्णय व्हायचा होता, म्हणून भालचंद्रराव तेवढे मागे राहिले. डिसेंबरात भालचंद्ररावांच्या टेबलावर नव्या सरकारचा कागद आला.

"श्री टोकेकर को ग्वालियर में ही रखा जाना उचित होगा, मगर. उपर्युक्त वाक्य अपूर्ण है. मगर क्या? स्पष्टीकरण प्राप्त होने तक श्री टोकेकर जहाँ हैं, वहीं रहें."

भालचंद्ररावांनी भोपाळला ट्रंक कॉल लावला. "लक्ष्मीकांत, 'मगर' का लिहिलंत?"

"साहेब बोलले, मी घेतलं. साहेब काय बोलतात ते समजून घेत बसलो असतो, तर नोकरी टिकली असती का?"

स्पष्टीकरण देऊ शकत होते एकटे दौलतसिंह. पण 'मगर' म्हणजे काय हे लिहायचं, तर पाटलोणीचंही लिहावं लागलं असतं, आणि भोपाळात तर ते मगरीला नुसत्या डोळ्यांनी पळवल्याची गोष्ट सांगत होते. त्यांनी शेरा मारला, "यथासमय." पुढच्या पत्रावरही तोच, त्याच्या पुढच्यावरही तोच. फाईल ग्वाल्हेर-भोपाळ अशी फिरत राहिली. शामलाबाईंनी चौकशी केलीच, तर भालचंद्रराव सांगत, "बीच में आहे."

अकरा वर्षांनी एक उत्साही तरुण अधिकारी पाहणीला आला. तोवर दौलतसिंह पेन्शन घेऊन मोकळे झाले होते. टेबलावर चहाचा एकच कप होता, समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यानं फाईल चाळली आणि तो हसला.

"टोकेकर, हा तर टाईपिंगचा दोष दिसतो. मी हे 'मगर' खोडून टाकतो, म्हणजे तुमचं प्रकरण एकदाचं मिटेल."

भालचंद्ररावांनी झटकन त्याचा हात धरला. उभ्या आयुष्यात त्यांनी वरिष्ठाला हात लावला तो तेवढाच.

"नको साहेब, प्रकरण मिटलं की बदलीचा हुकूम निघतो," ते काकुळतीनं म्हणाले. "मगर आहे, म्हणून तर मी आहे."