दगडोबांच्या हयातीवर हरकत

कुरुंद्याचे दगडोबा म्हातारपणाच्या पेन्शनसाठी दरवर्षी एकदा वसमतच्या एका कार्यालयात जाऊन आपण जिवंत असल्याचं शासनाला कळवत. कळवताना आवाज मात्र हळू ठेवत. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्या खेपेला आईनं पोराचं नावच दगड ठेवलं. मरण दारात येऊन चौकशी करू लागलं, तर घरात दगड आहे एवढंच त्याला कळावं, असा तिचा बेत. बहात्तर वर्षं तो फसला नव्हता. शेळ्या राखणारे दगडोबा लांडग्याला भीत नसत, पण "मी जिवंत आहे" असं मोठ्यानं म्हणायला त्यांची छाती होत नसे.

यंदा कार्यालयात 'शब्दमूळ व नामार्थ पंधरवडा' सुरू होता. रोजच्या तोंडातल्या इंग्रजी शब्दांची मुळं फलकावर लावावीत आणि नागरिकांच्या नावांचे अर्थ मूळ पुराव्यासह नोंदवावेत, असं परिपत्रक होतं. 'मिनिस्टर म्हणजे मूळ लॅटिनमध्ये नोकर' हा फलक पहिल्याच दिवशी दुपारी उतरवण्यात आला. 'ऑफिस म्हणजे मूळ लॅटिनमध्ये कर्तव्य' हा मात्र राहिला, कारण तो कोणी वाचलाच नव्हता.

दगडोबा दहापासून रांगेत होते. मागच्यांनी त्यांना ढकललं, आणि "फक्त विचारायचंय" म्हणत बरेच जण बाजूनं पुढे घुसले. तीन वाजता कशीबशी खिडकी आली. आत नामार्थ लिपिक शिवहार बसले होते.

"नावाचा अर्थ?"

"दगड, सायेब."

"ठेवलं काहून?"

दगडोबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीत तोंड घालून सगळं हळूच सांगितलं.

"म्हणजे मरणाची दिशाभूल!" शिवहार एवढ्या मोठ्यानं ओरडले की अख्खी रांग वळून पाहू लागली.

"हळू बोला सायेब, पाया पडतो."

"तीन भावंडांचे मृत्यूचे दाखले आणा."

"तवा कुठले दाखले? खड्डा केला अन् लेकरू ठेवलं."

"मग ज्याची दिशाभूल झाली, त्याचं ना-हरकत पत्र आणा."

"त्यो भेटला तर मी परत कसा येऊ?"

शिवहारनी 'अर्जदाराची अडचण रास्त' असा शेरा मारला आणि पुढचा नियम काढला. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत पूजा नावाच्या बाईंनी नातवाचं नाव 'रियांश' सांगितलं. 'किरणाचा अंश', असं त्यांच्या मोबाइलनं सांगितलं. कोणत्या भाषेत, ते सांगितलं नाही. संगणकानं तात्काळ हिरवी खूण दिली.

दगडोबांच्या बाबतीत पुरावा नसल्यामुळे जाहीर नोटीस निघाली. 'सर्वांस कळविण्यात येते की, मौजे कुरुंदा येथील दगडोबा हे दगड नसून जिवंत मनुष्य आहेत. याबाबत कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे.' ती गावच्या भोंग्यावरून रोज तीनदा वाचण्यात येऊ लागली.

दगडोबांनी गोधडी डोक्यावरून घेतली.

"आवं, दोन घास खा तरी," त्यांची बायको भागूबाई म्हणाली.

"बोलू नको! भोंगा पत्त्यासकट सांगून राहिला!"

"मंग हरकत घ्या की. तीस दिवस हायेत."

दगडोबांनी अंगठा उठवून अर्ज दिला: 'मी दगडच आहे. सबब नोटीस रद्द व्हावी.' पंधरवड्यातली ही पहिलीच हरकत असल्यानं कार्यालयात उत्साह पसरला. रीतसर सुनावणी झाली. तीन प्रश्न विचारले. दगडोबा हलले नाहीत की बोलले नाहीत. 'अर्जदारास रांगेत वारंवार ढकलण्यात आले असता त्यांनी तक्रार केली नाही, ही बाब दगडपणाशी सुसंगत आहे. हरकत मान्य,' असा आदेश निघाला. पेन्शन बंद झाली. दगडोबांना मात्र इतका आनंद झाला, की आदेशाची प्रत छातीशी धरून ते आवारातल्या कडुलिंबाखाली टेकले.

आदेश फलकावर लागलेला होता. तो वाचून एका बाईनं येऊन दगडोबांना हळद-कुंकू वाहिलं. मग बढती अडकलेल्या शिवहारनी नारळ फोडला. दुपारपर्यंत शेंदूर आला, रांग लागली. या रांगेत कोणी कोणाला ढकलत नव्हतं. ज्यांची कामं आत अडली होती, ते सगळे बाहेर हात जोडून उभे होते.

शेंदूर डोळ्यांत गेला, तसे दगडोबा कळवळले. "पानी द्या हो कुनी," ते म्हणाले. दगड बोलला म्हणून एकच गलका झाला आणि नारळ दुप्पट वेगानं फुटू लागले. पाणी कोणी दिलं नाही.

चाळिसावा नारळ तुमचा होता. आणि त्या दिवशी "फक्त विचारायचंय" म्हणत त्यांना कोपरानं बाजूला सारून खिडकीशी गेलेलेही तुम्हीच.