घोंगडीची जीन

मल्हारचा गुडघा पुन्हा सोलला, तेव्हा रोहिणी रडली नाही. तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती. दूध संघाच्या कामासाठी तो काटेवाडीहून इंदापूरकडे रोज मोटारसायकलवर जायचा, आणि कारखान्याच्या ट्रॉल्यांतून सांडलेला ऊस रस्त्यात कुठे ना कुठे त्याची वाट बघत असायचा. तो परत येईपर्यंत रोहिणी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी. गाडी आली की आधी गुडघे बघायची, मग तोंड.

शेवटी एका मासिकात तिने वाचलं, की परदेशात मोटारसायकलवाले आतून गादी लावलेली जीन घालतात. सासऱ्यांना, म्हस्कूआबांना, सोबत घेऊन तिने बारामतीचं कापडदुकान गाठलं.

"गाडीवर घालायची जीन दाखवा. पडलं तरी गुडघा वाचला पाहिजे."

"ही घ्या ताई. दोन माणसांनी ओढली तरी फाटायची न्हाय."

"माणसं कशाला ओढतील? डांबर ओढेल त्याचं सांगा."

दुकानदार घडी घालू लागला. आबा मात्र केव्हाचे विचारात पडले होते.

"सूनबाई, जीन घोड्याच्या पाठीवर टाकत्यात. मेंढरांमागं फिरायचो तवा माझ्याकडंबी व्हती. ही पायात घालायची म्हंजी घोडा कोन?"

"तुमचे चिरंजीव," रोहिणी थकून म्हणाली.

गादीची जीन मिळाली नाही, म्हणून तीच साधी घेतली; गादी कशाची लावायची, ते आबांनीच सुचवलं. घरात कोरी घोंगडी होती, ती त्यांनी कापून दिली. शिंप्याने ती आतून गुडघ्याला दुहेरी आणि मांडी-पोटरीला एकेरी लावली. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून ती पत्र्यासारखी ताठ राहते, हे घरातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. विचार मात्र कुणीच केला नाही.

जीन पहिल्यांदा अंगावर चढली ती बानूच्या बैठकीला. बानू मल्हारची धाकटी बहीण. बावड्याचं स्थळ होतं, मुलगा तिला पसंत होता. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. मुलाला लग्नात मोटारसायकल हवी होती आणि आबांना ते झेपणारं नव्हतं. "आज न्हाय मिटलं, तर ते दुसरीकडं बघत्याल," असं मध्यस्थ मोहनरावांनी बजावलं होतं. तेव्हापासून बानू ताटावर नुसती बसून उठत होती.

आबा आणि भावकी जीपने पुढे गेली. लेकीला सासूबाईंकडे ठेवून रोहिणी मल्हारच्या मागे बसली.

"टोचतंय गं."

"टोचू द्या. सोलण्यापेक्षा बरं."

वाटेत पाट फुटून रस्त्यावर पाणी आलं होतं. गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून मल्हारने ती जोरात घातली आणि कमरेपर्यंत भिजला. घोंगडीची खळ सुटली. पुढे इंदापूरपर्यंत कडक ऊन आणि तोंडावर वारा. बावडा येईपर्यंत खळ पुन्हा वाळली होती, गाडीवर बसलेल्या मापात.

"रोहिणी, पाय सरळ होत न्हाईत."

"गंमत पुरे. लोक बघतायत."

"गंमत न्हाय. वाकतबी न्हाईत."

"मग काढा ती."

"निघंना! आन् निघाली तर काय चड्डीवर बसू बैठकीत?"

न दिसणाऱ्या मोटारसायकलवर बसल्यासारखा मल्हार अंगणातून चालत गेला. आत सगळी मंडळी जाजमावर मांडी घालून बसली होती. भिंतीशी एकच खुर्ची होती. मल्हार तिच्यावर असा चपखल बसला, की जणू मापच तिचं घेतलं होतं.

मुलाचे वडील रावजी नेमके त्याच्या पायाशी आले. त्यांचा अडकित्ता थांबला.

"मोहनराव, आमी खाली आन् पोरीचा भाऊ खुर्चीवर? अशी बैठक मी पयल्यांदाच बघतोय."

आबांचा चेहरा उतरला. मोहनराव छताकडे बघू लागले. दारातून रोहिणीच बोलली, "गैरसमज नको मामा. पाय वळत नाहीत त्यांचे."

मुलाची आई, द्वारकाबाई, आतून पुढे आली. "आगं बया! एवढ्याशा वयात? कशानं?"

मल्हारच्या अंगात आता घोंगडीची खाज तेवढी शिल्लक होती.

"गाडीमुळं," तो म्हणाला.

"रोज गाडीवर?"

"रोज."

"आन् आधी?"

"आधी मांडी घालून जेवायचे हो," रोहिणी म्हणाली, आणि तिने सोडलेला सुस्कारा अगदी खरा होता.

द्वारकाबाई मुलावर उलटली. "बिरा, बघ! ह्ये पायजे व्हय तुला? बोहल्यावर काय खुर्ची टाकून बसणार?"

"आये, पर—"

"गाडीचं नाव काढलंस तर बघ!"

रावजींनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. "ऱ्हाऊ द्या पावनं, गाडी नको. सुपारी फोडा."

आबा काहीतरी बोलणार होते. रोहिणी खोकली. आबांनी तोंडात पान घातलं.

निघताना चौघांनी मल्हारला उचलून गाडीवर ठेवलं. कुठेही न हलवता तो बरोबर बसला. द्वारकाबाईने डोळ्याला पदर लावला.

घरी आल्यावर मल्हार जीनसकट गुरांच्या हौदात उतरला. खळ हळूहळू सैल झाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याने पाय लांब केले. बानू चुलीपुढे भाकरी खात होती, एक संपवून दुसरी घेत होती. रोहिणी तिच्याकडे बघत उंबऱ्यावर टेकली. आता जरा डोळा लागेल असं तिला वाटलं.

तेवढ्यात आबा म्हणाले, "सूनबाई, साखरपुडा आपल्या दारात ठरलाय. द्वारकाबाई सोता येनार हाय. मल्हारच्या पायांची लई काळजी लागलीय तिला."

हौदातलं पाणी हलायचं थांबलं.

रोहिणी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सासूबाईंकडे वळली.

"आत्याबाई, घरात चिंचोके आहेत का?"